जनुक आधी की गाव आधी?

अक्का, माझी थोरली बहीण, आयुष्यभर सरकारी नर्स होती. दवाखान्यातली नव्हे, उपकेंद्रावरची: पिशवी खांद्याला अडकवून वस्त्यांवर फिरणारी, पोलिओपासून पाळणा लांबवण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. माझी लेक पुण्याला एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या जनुकांवर काम करते. आत्या-भाचीचं गूळपीठ आहे, म्हणून तर एकमेकींचं काही ऐकून घेत नाहीत. या खेपेला निमित्त झालं ते अक्काच्या ओळखीतल्या एका बाईच्या रिपोर्टचं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, गावच्या बोलीत पिशवीचा कॅन्सर, तोही तिसऱ्या टप्प्यातला. शेक चालू आहेत. मधल्या मध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून पोराने सोयाबीनचे पैसे मोडून एका खासगी लॅबमधून गाठीची जनुकीय तपासणी करून आणली. बारा पानांचा इंग्रजी कागद. तो घेऊन पोरगा अक्काकडे, आणि अक्का माझ्या लेकीकडे.

लेक : यात एकच ओळ महत्त्वाची आहे आत्या. पीआयके३सीए, बदल ई५४५के.

अक्का : ती ओळ मला माहीतच असल्यासारखी सांगायलीस. काय आहे ते?

लेक : जनुक आहे. तिसऱ्या गुणसूत्रावर. त्याच्यापासून पेशीत एक प्रथिन बनतं, त्याचं काम निरोप आत पोचवायचं. बाहेरून इन्सुलिन येतं किंवा वाढीचा संदेश देणारं दुसरं काही येतं, ते पेशीच्या आवरणाला बाहेरून टेकतं. मग आतल्या बाजूने हे प्रथिन आवरणातल्या एका स्निग्ध रेणूवर फॉस्फेट चिकटवतं. ती खूण पाहून एकेटी नावाचं प्रथिन तिथं येऊन जागं होतं आणि पुढे हुकूम सुटतात : साखर आत घे, वाढ, दोनाचे चार हो, इतक्यात मरू नको. काम झालं की पीटेन नावाचं आणखी एक प्रथिन तो फॉस्फेट काढून टाकतं. खूण पुसली, हुकूम थांबला.

अक्का : म्हणजे मी रोज सकाळी इन्सुलिन टोचते, त्याचा निरोपसुद्धा यातूनच जातो?

लेक : यातूनच. म्हणून तर हे कॅन्सरचं जनुक नाही. तुझ्या-माझ्या प्रत्येक पेशीत ते आहे आणि ते नसतं तर आपण जन्मालाच आलो नसतो. बिघडतं ते त्याचं थांबणं. या प्रथिनाला पी८५ नावाचा जोडीदार असतो. बैलाला वेसण असावी तसा तो त्याला धरून ठेवतो, निरोप आला की सैल सोडतो. जनुकात ५४५व्या जागी जी-ए-जी अशी तीन अक्षरं असतात. त्यातलं पहिलं बदलून ए-ए-जी झालं की प्रथिनात ऋणभाराच्या जागी धनभाराचा घटक बसतो. नेमकी वेसणीची गाठ तिथंच होती, ती सुटते. आता इन्सुलिन येवो न येवो, पेशीला सारखं ऐकू येतं : वाढ.

मी मध्येच विचारलं की एका अक्षराने एवढं होतं का. लेक म्हणाली, या जनुकात प्रथिन घडवणारी सुमारे ३,२०० अक्षरं आहेत, त्यातली बहुतेक बदलली तर काही होत नाही. दोन-तीन जागाच अशा आहेत. २००४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने वेगवेगळ्या गाठी तपासल्या तेव्हा याच जागा पुन्हा पुन्हा सापडल्या. २०१७ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही बदललेल्या जनुकांत हेच पहिल्या नंबरावर होतं, साधारण चौथ्या हिश्शाच्या गाठींत.

अक्काने हे सगळं नीट ऐकून घेतलं. ती ऐकून घेते तेव्हा तिच्या मनात पुढचा प्रश्न तयार असतो.

अक्का : बरं. आता त्या पोराला मी सांगू काय? औषध आहे का याच्यावर?

लेक : अल्पेलिसिब म्हणून एक गोळी आहे. अमेरिकेत २०१९ साली तिला मान्यता मिळाली, पण ती स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारासाठी. पिशवीच्या कॅन्सरला ती नेहमीच्या उपचारात नाही. शिवाय निरोपाचा तोच रस्ता अडवायचा म्हटल्यावर इन्सुलिनचाही अडतो. ती गोळी घेणाऱ्यांची साखर चढते.

अक्का : म्हणजे त्या बाईचे शेक तेच, सिस्प्लॅटिनचं औषध तेच. सोयाबीन मात्र गेलं.

लेक : तेच. आज तरी या कागदाने तिच्या उपचारात काही बदलत नाही, हे मी मान्य करते.

अक्का : आणि त्या पोराने विचारलंय, बहिणींना होईल का? जनुक म्हटल्यावर घरात चालत आलेलं असणार, असं त्याला कुणीतरी भरवलंय. थोरलीच्या सासरी कुणी ऐकलं तर काय होईल, या भीतीने रिपोर्ट कपाटात कुलपात ठेवलाय त्याने.

लेक : नाही गं! हा बदल गाठीत आहे, रक्तात नाही. आईकडून लेकीकडे जाणारा नाही. जन्मल्यानंतर, बाई मोठी झाल्यावर, पिशवीच्या तोंडाच्या एका पेशीत तो झालाय आणि त्या पेशीच्या वंशातच राहणार. बहिणींचा त्याच्याशी संबंध नाही. हे आधी सांग त्याला.

या ठिकाणी वाद मिटला असता तर लिहायला मी बसलो नसतो. अक्काने रिपोर्टची घडी घातली आणि म्हणाली, "मग हा बदल झाला कशाने, ते सांग की."

लेकीला हाच प्रश्न हवा होता. तिने सांगितलेलं मी माझ्या शब्दांत देतो, कारण तिच्या भाषेत निम्मे शब्द इंग्रजी असतात.

मुळात हा आजार विषाणूचा. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली त्याचा १६ नंबरचा प्रकार या गाठींत शोधला, पुढच्या वर्षी १८ नंबरचा. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. जगातल्या अशा दहा कॅन्सरांतले सात या दोन प्रकारांनी होतात. शरीरसंबंधातून हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांच्या अंगातून निघूनही जातो. ज्या थोड्या बायकांत तो ठाण मांडून बसतो, तिथं त्याची दोन प्रथिनं पेशीचे दोन पहारेकरी निकामी करतात. ई६ हे पी५३ला संपवतं, ई७ हे आरबीला बांधून ठेवतं. पेशीकडे विषाणूशी लढायचं आपलं एक हत्यार असतं, एपोबेक नावाचं विकर. ते विषाणूच्या जनुकातली अक्षरं खराब करून टाकतं. पण वर्षानुवर्षं चालवलं की ते घरच्याही जनुकांवर चालतं. पीआयके३सीएमधला हा नेमका बदल एपोबेकच्या खुणेचा आहे. शत्रूवर रोखलेल्या शस्त्राने घरातलीच वेसण कापली गेली.

अक्का : म्हणजे तुझं हे जनुक बिघडतं ते शेवटी. विषाणू पंचविशीत आला, कॅन्सर पन्नाशीत कळला. मधली पंचवीस वर्षं त्या बाईकडे कुणी फिरकलं का?

लेक : तेच म्हणतेय मी. मधली वर्षं कळली ती या शास्त्रामुळेच.

अक्का : शास्त्राला मी कुठं नाही म्हणते? मी म्हणते, मधल्या वर्षांत बाई सापडते कुठं? प्रयोगशाळेत? ती सापडते रानात. खुरपायला गेलेली असते. अंगावरून पांढरं जातंय, मधेच लाल जातंय, हे ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही. मला सांगायची, तेही मी तिच्या पोराला डोस द्यायला गेले म्हणून. आपल्या शेजारच्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, त्यात आपले भूम आणि परांडा तालुके पण होते. नोंदणीची माणसं गावात जाऊन नुसती लक्षणं समजावून सांगायची, संशय आला तर गाडीत घालून दवाखान्यात न्यायची. औषध नाही, मशीन नाही. तेवढ्याने लवकरच्या टप्प्यात येणाऱ्या बायका वाढल्या. बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांच्या माणसांनी ते छापलंय पण.

लेक : छापलंय, मी वाचलंय. पण आत्या, पुढचं पण सांग. १९९९ चं.

पुढचं म्हणजे आपल्या जिल्ह्याचं खरंखुरं मोठं काम, आणि जिल्ह्यात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना ठाऊक नसलेलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. जगभरच्या वैद्यकीय लेखांत ते अजूनही त्याच नावाने आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्सच्या लिओं शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून इथं एक प्रयोग मांडला. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट चार वाट्यांत गेले. एका वाट्यातल्या बायकांची एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघणं. तिसऱ्यात पिशवीच्या तोंडाला सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघणं. चौथ्या वाट्याला काहीच नाही, जी नेहमीची सरकारी सेवा मिळते ती. तपासणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षं नोंद ठेवली. निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

लेक : ६४ बायका गेल्या, जिथं तपासणी नव्हती तिथं. एचपीव्हीच्या वाट्यात ३४. वाढलेल्या टप्प्यातले कॅन्सर ८२ विरुद्ध ३९. जवळजवळ निम्मे, एकाच तपासणीत! आणि पॅपवाल्या वाट्यात ५४, अॅसिडवाल्या वाट्यात ५६. फरक पडल्यासारखा दिसतो, पण आकडेशास्त्राला तो पटण्याजोगा नव्हता. आता सांग, जिंकलं कोण? डोळ्यांनी बघणं की रेणू शोधणं?

अक्का : तू मोजायचं थांबलीस कुठं, ते मला दिसतंय. त्या एचपीव्हीच्या वाट्यात पाचातल्या जवळजवळ चौघी तपासणीला आल्या. खेड्यातल्या बायका, टेबलावर पाय वर करून झोपायचं, परक्या माणसांपुढं, दुखत नसताना. आल्या कशा? तुझ्या रेणूने बोलावलं त्यांना?

लेक : बोलावलं माणसांनीच. पण तिन्ही वाट्यांत तेवढ्याच आल्या होत्या ना? बोलावणं सारखं, यायचं प्रमाण सारखं, दोष निघालेल्यांना उपचार सारखे. फरक फक्त तपासणीचा. तुझ्या मुद्द्याने तिन्ही तपासण्यांचं श्रेय वाढतं, पण त्यांच्यातला फरक समजत नाही. ज्यांना एचपीव्ही नाही असं निघालं, त्यांच्यात पुढं कॅन्सर लाखात चारही नव्हते. पॅप किंवा अॅसिडने "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलेल्यांत लाखात पंधरा-सोळा.

इथं माझी लेक जिंकली, असं माझं मत आहे, आणि मी ते तिथल्या तिथे बोललोही. अक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं लक्ष चौथ्या वाट्याकडे गेलेलं होतं.

अक्का : माझी गावं चौथ्यात होती.

लेक : तू कधी बोलली नाहीस.

अक्का : काय बोलायचं? शेजारच्या गावात गाडी यायची, बायका विचारायच्या, सिस्टर आमच्याकडं कधी? मला वाटायचं येईल पुढच्या वर्षी. नंतर कळलं की यायचीच नव्हती. चौसष्ट म्हणालीस ना तू, त्यातल्या दोघी-तिघींच्या घरी मी गेलेली आहे. तुझ्या तक्त्यात त्यांच्यामुळेच बाकीचा आकडा उठून दिसतो.

लेक : तुलनेला काही नसेल तर फायदा झाला हे सिद्ध कसं होणार? आणि तेव्हा देशात खेड्यांत कुठेच तपासणी नव्हती. त्यांच्याकडून काही काढून घेतलं नव्हतं.

अक्का : दिलं नव्हतं. आणि द्यायचं काय ते हातात होतं.

यावर जगात मोठा वाद झालेला आहे. मुंबईच्या वस्त्यांतला, तमिळनाडूतल्या दिंडिगुलचा आणि उस्मानाबादचा, असे तीन प्रयोग धरून तपासणी न झालेल्या गटांत किमान २५४ बायका या कॅन्सरने गेल्या, असं दाखवून एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी रीतसर आक्षेप घेतला. पॅपने मृत्यू कमी होतात हे पाश्चात्त्य देशांत दशकांपूर्वीच दिसलं होतं, मग भारतातल्या गरीब बायकांना रिकामं का ठेवलं, हा त्यांचा सवाल. प्रयोग करणाऱ्यांचं उत्तर माझ्या लेकीने दिलं तेच होतं. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं सांगायचं तर मी अक्काच्या बाजूचा आहे. तिन्ही तपासण्यांची आपसात तुलना चौथ्या वाट्याशिवायही करता आली असती. ठाम उत्तर मिळायला वेळ लागला असता, एवढंच. लेकीला हे पटत नाही. ती म्हणते, वेळ लागला असता म्हणजे आणखी बायका गेल्या असत्या, फक्त त्या कुठल्या तक्त्यात आल्या नसत्या.

अक्का : बरं, सिद्ध झालं २००९ ला. मग आपल्या जिल्ह्यात आज एचपीव्हीची तपासणी कुठं होते, दाखव.

लेक गप्प राहिली. २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी जो आराखडा काढला, त्यात दर पाच वर्षांनी अॅसिडचीच तपासणी आहे. ती स्वस्त आहे, निकाल लगेच मिळतो, नर्सला शिकवता येते. मुंबईत दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे ती वायाही नाही. पण तीही होते कुठं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची कुठलीही तपासणी कधीही झालेल्या शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्हीची तपासणी पहिली करा म्हणते, आणि तिच्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्याच्या बायका आहेत.

तपासणी नाही तिथं दुसरंच काही चालतं, हे अक्काला तोंडपाठ आहे. "पांढरं जातंय? पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक." शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आपल्याही कळंब-वाशीकडच्या टोळ्या त्याच साखर कारखान्यांवर जातात. कॅन्सरची भीती विकायला जनुकाचं नाव लागत नाही, अक्का म्हणाली, पण उद्या लागलं तर बारा पानांचा कागद तयारच आहे. लेकीला हे लागलं. पण तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, तपासणी नसली की भीतीला मोकळं रान मिळतं. एचपीव्ही नाही असा एक कागद हातात असता तर यातल्या कितीतरी बायका "नाही काढत" म्हणू शकल्या असत्या.

लेक : आणि आता टेबलाचीही गरज नाही आत्या. बाई स्वतः आडोशाला जाऊन काडीवर नमुना घेऊ शकते. तू घरोघर काडी दे, संध्याकाळी गोळा कर. तुझं गाव आणि माझा रेणू, दोन्ही एका पिशवीत.

अक्का : हे बरं आहे. हे लाजेच्या वर गेलं. पण नमुना बार्शीला जाणार, उत्तर पंधरा दिवसांनी येणार, आणि जिच्यात निघेल तिला मी पुन्हा शोधायची. ती तोवर गावात असेल तर!

लेक : आणि पोरींना लस. १६ आणि १८ हे दोन्ही प्रकार येतात तिच्यात. पुण्याच्या सीरमने आपली स्वतःची काढलीय.

अक्का : तीन वेळा सुई? तीन वेळा पोरगी सापडायची?

इथं लेकीने जे सांगितलं ते मला अगोदर माहीत नव्हतं. २००९ साली भारतात दहा ठिकाणी, त्यात बार्शीही होतं, लसीचे दोन डोस पुरे की तीन लागतात हे पाहायला २०,००० मुलींवर अभ्यास सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीचे सगळे अभ्यास थांबवले. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून गदारोळ झाला होता. १७,७२९ मुलींना लस मिळून गेलेली, आणि त्यातल्या जवळजवळ पाच हजारांना एकच डोस. अभ्यास मोडला असं सगळ्यांना वाटलं. पण संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही तीन डोसांइतकंच, पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास, संरक्षण मिळालंय. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे हे मोडलेलं काम आहे.

अक्का : एकच सुई असती तर मी नोकरीत असतानाही केलं असतं. पण कधी करणार? शाळेत?

लेक : शाळेतच. नऊ ते चौदा वयाच्या. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की.

अक्का : दिवाळीनंतर? टोळ्या दसऱ्याला जातात. पोरी आईबापासोबत फडावर, लहान भावंडं सांभाळायला. आया पण तिकडंच. तुझी काडी पण रिकामी आणि सुई पण.

लेक : मग एप्रिल-मेमध्ये, परत आल्यावर.

अक्का : मेमध्ये लग्नं. शाळा बंद. जूनला पेरणी आली की बाई दिवस उजाडायच्या आत रानात.

लेक : मग तूच सांग की!

अक्का : जुलैच्या शेवटी. पेरण्या झालेल्या, खुरपणीची पहिली घाई सरलेली. श्रावणात बायका उपासाने का होईना, दुपारी घरी असतात. शाळेत पोरी असतात. पण आरोग्य खात्याला ते तुझ्या संस्थेकडून लिहून जाऊ दे, माझ्या नावाने नको. नाहीतर म्हणतील, रिटायर झाली तरी म्हातारीची खोड जात नाही.